पाठ्यपुस्तकाबाहेरचें पानिपत

पाठ्यपुस्तकांत पानिपत चार ओळींत आटोपतें: १४ जानेवारी १७६१, भाऊसाहेबांचा हट्ट, पराभव. वर्गास जांभई न आली तरच नवल! म्हणून आम्हीं एकदां तें पुस्तक मिटून राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा १८९८ सालचा पहिला खंड वर्गांत नेला. भाऊसाहेबांनीं गोविंदपंत बुंदेल्यांस धाडलेल्या पत्रांत पैका व रसद यांचीच निकड फार. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग भाऊसाहेब हट्टी, कीं उपाशी?” आम्हांस चटकन् उत्तर सुचेना. तोंच दुसरा उठला, “आणि गोविंदपंतांची बाजू?” ते तर लढाईपूर्वींच, डिसेंबर १७६० मध्यें, मारले गेले. त्या दिवशीं तास संपल्याचें कोणास भान नव्हतें. परीक्षेंत मात्र दोघांनींही ‘हट्ट’च लिहिला, गुण त्यासच होते, आणि ते आम्हींच दिले.