उडणारी पिसू आणि दोन पंखांमधली फट

घरच्या घरी विमान बांधण्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिल्यांदा आठवते ती कांदिवलीच्या चारकोपमधली गच्ची. कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मुंबईकरांनी ते पाहिलं आणि २०१७ साली त्याला नोंदणी मिळाली. विमान जुळवायला कस लागला, तसाच ते कागदावर आणायलाही लागला. त्या काळात आपण सगळ्यांनीच सरकारी खात्याच्या नावानं बोटं मोडली. आम्हीही मोडली, खोटं कशाला बोला.

पण इतिहासाची आवड असलेल्याला एक खोड असते. नियम दिसला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. घरगुती विमानाच्या नियमांचा माग काढत आपण मागे मागे गेलो, की १९३० च्या दशकातल्या फ्रान्समध्ये पोचतो, एका इवल्याशा, काहीशा विनोदी दिसणाऱ्या विमानापाशी. आज त्याचीच गोष्ट.

हौशी लोकांनी विमान बांधायची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. सांतोस-द्युमोंनं आपल्या 'देमुआझेल' विमानावर हक्क राखून ठेवले नाहीत, आणि १९१० साली 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकानं त्याचे आराखडे छापले. पुढे मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटेनपोलनं फोर्ड मोटारीचं इंजिन बसवून 'एअर कॅम्पर' उडवलं. ही चांगली विमानं होती. पण त्यांनी देशभर वेड लावलं असं काही झालं नाही. ते काम केलं आंरी मिन्येनं.

मिन्ये १८९३ चा. हा माणूस विमान कारखान्यातला नव्हे. स्वतः ठोकाठोक करून एकामागून एक विमानं बांधणारा, पडणारा, पुन्हा बांधणारा. त्याची मोठी अडचण म्हणजे नेहमीच्या विमानाचं चालवणंच त्याला जमेना. हातात दांडा, पायात पॅडल, दोन्हींचा मेळ साधायचा. तो चुकला की वेग पडतो, पंखाची उचल जाते, विमान गिरक्या घेत खाली येतं. याला 'स्टॉल' आणि 'स्पिन' म्हणतात, आणि त्या काळी कितीतरी वैमानिक यातच गेले. मिन्ये म्हणाला, दोष माझा नाही, यंत्राचा आहे. मी असं विमान बांधीन की जे गिरकी घेणारच नाही.

आणि त्यानं बांधलं. एचएम-१४ हे त्याचं नाव, पहिलं उड्डाण १० सप्टेंबर १९३३ रोजी, सोआसों गावाजवळ. लोकांनी ओळखलं ते 'पू-द्यु-सिएल' म्हणून, म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांना ऊ काही रुचली नसावी, त्यांनी तिची पिसू केली: 'फ्लाइंग फ्ली'. आपणही पिसूच म्हणू.

या पिसूची रचना नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुढे एक पंख, त्याच्या मागे थोडा खाली दुसरा पंख, आणि एक मोठं सुकाणू. बस. पंखांवर हलणाऱ्या पट्ट्या नाहीत, पायात पॅडल नाहीत. दांडा मागे ओढला की पुढचा अख्खा पंख बिजागरीवर कलतो आणि विमान चढतं. दांडा डावीकडे नेला की सुकाणू डावीकडे वळतं आणि विमानही त्या बाजूला कलतं. एका हाताचं काम. आणि दोन पंखांच्या मधे मिन्येनं मुद्दाम एक अरुंद फट ठेवली होती. त्या फटीतून हवा जोरानं जाते, मागच्या पंखाला चिकटून वाहते, आणि त्याची उचल टिकून राहते. स्टॉलचा धोका टाळायचा हा त्याचा उपाय. ही फट लक्षात ठेवा.

१९३४ साली त्यानं या सगळ्यावर पुस्तक काढलं, 'ल स्पोर द लेर'. लाकूड कोणतं घ्या, प्लायवूड कसं कापा, सरस कसा लावा, कापड कसं ताणून बसवा, आणि शेवटी उडायला स्वतःच कसं शिका, सगळं त्यात. सूर असा की पेटी ठोकता येत असेल तर विमानही ठोकता येईल. आम्हाला विचाराल तर पुस्तकाची खरी ताकद त्या सुरातच आहे. इंजिनिअर मंडळी तेव्हा सामान्य माणसाशी असं बोलत नसत.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपली पिसू घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून गेला. त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि हातोहात खपलं. गॅरेजमध्ये, परसातल्या खोपटात, बैठकीच्या खोलीत पिसवा तयार होऊ लागल्या. कुणी मोटारसायकलचं इंजिन बसवलं, कुणी फोर्ड मोटारीचं. ब्रिटिश हवाई मंत्रालयानंही या विमानांना पूर्ण प्रमाणपत्राऐवजी उड्डाणाची साधी परवानगी देण्याची सोय केली. म्हणजे बघा, सरकार आडवं आलेलं नाही. दार उघडंच होतं.

मग अपघात सुरू झाले. १९३६ साली ब्रिटनमध्ये काही महिन्यांत अनेक जण गेले, फ्रान्समध्येही गेले. वर्णन बहुतेक सारखंच: विमान नाक खाली करून सूर मारतं आणि त्यातून वर येतच नाही, थेट जमिनीवर.

पहिली प्रतिक्रिया काय असेल? तुम्ही-आम्ही जी दिली असती तीच. सुतारकाम कच्चं असेल, माणूस नवशिका असेल. पण मृतांमध्ये ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी होते. त्यांना विमान चालवता येत नव्हतं, असं कोण म्हणणार?

तेव्हा कुठे दोन्ही देशांनी अख्खी पिसू उचलून मोठ्या विंड टनेलमध्ये ठेवली. ब्रिटनमध्ये फार्नबरोला, फ्रान्समध्ये शाले-मदोंला. आणि उत्तर सापडलं ते त्या फटीत.

असं करून बघा. उजवा तळहात पुढे, डावा त्याच्या मागे थोडा खाली धरा. उजवा हात म्हणजे पुढचा पंख. नाक खाली गेलंय, तुम्ही घाबरून दांडा पूर्ण मागे ओढता. उजव्या तळहाताची पुढची कड वर जाते, पण मागची कड खाली येते, डाव्या हाताच्या अगदी जवळ. फट आवळली. आता त्यातून जाणारी हवा मागच्या पंखाची उचल इतकी वाढवते की शेपूट वर आणि नाक आणखी खाली. एका मर्यादेपलीकडे दांडा जितका ओढाल तितकं विमान खालीच जाणार. जी फट गिरकीपासून वाचवायला ठेवली होती, तिनंच माणसं मारली. वैमानिकानं शेवटच्या क्षणी केलेली गोष्ट बरोबर होती, नेहमीच्या कुठल्याही विमानात ती बरोबर ठरली असती.

बांधणाऱ्यांचाही दोष नव्हता. उलट ज्यानं आराखडा मिलिमीटर सोडला नाही, त्याच्या विमानात हा दोष हमखास होता. गॅरेजमधल्या माणसानं कितीही वेळा सांधे तपासले असते तरी ही चूक दिसली नसती, कारण ती लाकडात नव्हती, कागदावर होती. मिन्ये स्वतःही हीच पिसू उडवत होता. तो काही फसवत नव्हता. नंतर त्यानं रचना बदलली, आणि १९६५ मध्ये मरेपर्यंत तो नवी विमानं आखत राहिला.

ब्रिटननं १९३६ मध्येच पिसवांना नव्या परवानग्या देणं थांबवलं. तयार झालेल्या, पण कधीच न उडालेल्या पिसवा परसात पडून राहिल्या. पण गंमत अशी की घरगुती विमानाचा छंद मेला नाही. महायुद्ध संपताच ब्रिटनमध्ये १९४६ साली हौशी विमानवाल्यांची संघटना उभी राहिली. तिथे पद्धत पडली ती अशी: आराखडा आधी तज्ज्ञांकडून तपासायचा, आणि पंखावर कापड चढवण्याआधी, आतलं काम उघडं असतानाच, निरीक्षकाला बोलवायचं. फ्रान्समधल्या संघटनेनं तर आपल्या नावातच मिन्येच्या पुस्तकाचं नाव घेतलं. ज्याच्या आराखड्यानं माणसं गेली त्याचंच नाव! आम्हाला यात कृतघ्नपणा नाही, उलट एक मोठेपणा दिसतो.

अमेरिकेत १९५३ साली मिलवॉकीला पॉल पोबेरेझ्नी आणि मित्रांनी 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' काढली. तिथल्या नियमानं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेलं हवं. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द ठळक लिहायचा, म्हणजे शेजारी बसणाऱ्याला कळावं आपण कशात बसतोय. आणि सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचं.

तरी जुना प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतोच. ऑरेगनमधली 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' ही सुट्या भागांचे संच विकणारी जगातली मोठी कंपनी. २०२३ साली तिच्या लेझरनं कापलेल्या काही पत्र्यांमध्ये भोकांच्या कडांना चिरा जातात असं दिसलं. तोवर कितीतरी लोकांनी ते पत्रे रिव्हेट मारून विमानात बसवले होते. आणखीही आर्थिक कारणं होती, आणि त्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. नंतर ती सावरली. पण गॅरेजमधला माणूस पुन्हा तिथेच उभा होता: हात स्वच्छ, काम चोख, आणि चूक घरात पार्सलमधून आलेली.

पिसू प्रत्यक्ष बघायची असेल तर इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहात एक आहे. कुणी नातेवाइकांकडे तिकडे जाणार असेल तर जरूर जा, आणि बाजूनं उभं राहून दोन पंखांच्या मधे बघा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.