वनपिंगळा व ठिपकेवाला पिंगळा यांची छायाचित्रांवरून ओळख

वनपिंगळा (शास्त्रीय नाव: अथीनी ब्लेविटी) आणि ठिपकेवाला पिंगळा (अथीनी ब्रामा) हे घुबडांच्या कुळातील दिसण्यात साम्य असलेले दोन लहान पक्षी आहेत. वनपिंगळा मुख्यतः मध्य भारतातील पानझडी वनांत आढळतो आणि संकटग्रस्त आहे. ठिपकेवाला पिंगळा मात्र गाव, शेत व शहर येथे सर्वत्र दिसतो. त्यामुळे दूरवरून घेतलेल्या छायाचित्रावरून वनपिंगळ्याची नोंद करताना विशेष काळजी घ्यावी लागते.

पार्श्वभूमी

ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वनपिंगळ्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही खात्रीशीर नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्टझागेन यांनी १९१४ सालचा म्हणून दाखवलेला गुजरातमधील नमुना संग्रहालयातील जुन्या नमुन्यावर खोटी माहिती लावून तयार केलेला असल्याचे पुढे सिद्ध झाले. मधल्या काळात वनपिंगळ्याच्या म्हणून सांगितलेल्या काही नोंदी प्रत्यक्षात ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना हा पक्षी महाराष्ट्रातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. त्यानंतर मेळघाट व तानसा येथेही त्याचे अस्तित्व नोंदवले गेले.

ओळखीच्या खुणा

* डोके: वनपिंगळ्याच्या करड्या-तपकिरी माथ्यावर ठिपके अगदी पुसट असतात किंवा नसतात. ठिपकेवाल्याच्या माथ्यावर व पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात.
* मान: ठिपकेवाल्याच्या मानेमागे पांढुरका पट्टा स्पष्ट दिसतो. वनपिंगळ्यात तो ठळक नसतो.
* छाती व पोट: वनपिंगळ्याची छाती बरीचशी एकसंध तपकिरी, तर पोटाचा मध्यभाग स्वच्छ पांढरा असतो.
* शेपटी व पंख: वनपिंगळ्यात रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे असतात.
* बांधा: वनपिंगळ्याचे डोके व चोच मोठी असून पाय जाड, दाट पिसांनी झाकलेले असतात.

याच वनांत आढळणाऱ्या जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर व अंगावर दाट आडव्या रेषा असतात. त्यावरून तो वेगळा ओळखता येतो.

छायाचित्रातील मर्यादा

प्रखर उन्हात किंवा जास्त प्रकाश पडलेल्या चित्रात माथ्यावरचे ठिपके पुसले जातात. चित्र फार मोठे केल्यास बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि माथा एकरंगी भासतो. झिजलेल्या पिसांमुळेही ठिपके कमी दिसू शकतात. आकार व रंगछटा यांवर एकट्याने विसंबता येत नाही, कारण दोन्ही पक्षी सुमारे २० ते २३ सेंटिमीटर लांबीचे असून रंग प्रकाशानुसार बदलतो. वनपिंगळा दिवसाही शिकार करतो, पण ठिपकेवालाही दिवसा दिसतो. म्हणून दिवसा दिसणे हा पुरावा ठरत नाही.

नोंद करताना घ्यावयाची काळजी

निष्कर्ष काढण्यासाठी किमान दोन स्वतंत्र खुणा जुळल्या पाहिजेत. समोरून, पाठीमागून व शेपटी दिसेल अशी अनेक चित्रे असल्यास खात्री वाढते. मूळ चित्र, दिनांक, स्थळ व अधिवास यांची माहिती जपून ठेवावी. खुणा अपुऱ्या असल्यास 'पिंगळा, जात अनिश्चित' अशी नोंद करणे योग्य ठरते. चुकीच्या नोंदीमुळे वनपिंगळ्याचा आढळ प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो आणि संरक्षणाचे नियोजन बिघडते. घरट्याचे नेमके स्थान सार्वजनिक न करणे पक्ष्याच्या हिताचे असते.