भिंतीपाशी चुकलेले गणित

मुठेच्या काठी बसून पाण्यात दोन पाने सोडून पाहावीत. मधल्या ओढीत सापडलेले पान झपाट्याने निघून जाते, काठालगतचे रेंगाळते. एवढे पोराटोरांनाही ठाऊक असते. परंतु काठाला अगदी चिकटून असलेले पाणी वाहते की थांबते, या प्रश्नाने मोठमोठ्या पंडितांना दीडशे वर्षे चकविले. आणि संगणकावर प्रवाहाचे गणित मांडणारा आजही बहुधा तेथेच ठेचाळतो. त्या ठेचाळण्याचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत.

१७५२ साली फ्रेंच गणिती दालांबेर याने पाण्याचे अंतर्गत घर्षण सोडून देऊन हिशेब केला. उत्तर आले की, वाहत्या पाण्यातील वस्तूला विरोध मुळीच होत नाही! कोणताही नावाडी हे ऐकून हसला असता. पुढे १८०० साली कूलोमने धातूची तबकडी पाण्यात आंदोलवून पाहिली. तिला चरबी फासली, वर वालुकाश्माची पूड लावली. तरी विरोधात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अर्थ उघड होता: पाणी तबकडीवर घसरत नव्हते, तिला धरून होते. तथापि १८२२ साली नाव्हिएने भिंतीवर पाणी थोडे घसरते असेच मानले, आणि १८४५ साली खुद्द स्टोक्सही या बाबतीत साशंक होता. त्याच दशकात प्वाझॉय नावाच्या वैद्याने बारीक काचनळ्यांतील प्रवाह काटेकोरपणे मोजला. नळीचा व्यास दुप्पट केला की प्रवाह सोळापट होतो, हा त्याचा नियम भिंतीवर वेग शून्य धरला तरच गणितातून नेमका निघतो. अखेर १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत प्रांट्लने दाखविले की, भिंतीलगतच्या पातळ थरातच विरोधाचे रहस्य दडले आहे.

वाद मिटला असे वाटले. पण तो वेष पालटून परत आला. १९७७ साली ल्यूसीने, आणि स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनाहन यांनी, वायूला असंख्य कणांचा समुदाय मानून संगणकावर हिशेब करण्याची रीत काढली. ती काढली ताऱ्यांसाठी. आणि ताऱ्याला भिंत नसते! १९९४ साली मोनाहनने हीच रीत फुटलेल्या बांधाच्या पाण्याला लावली, तेव्हा भिंतीचा विचार टाळता येईना. या रीतीत प्रत्येक कण आपली घनता शेजाऱ्यांवरून ठरवतो. भिंतीपाशी निम्मे शेजारीच नाहीत. म्हणून घनता खोटी, दाब खोटा, आणि कण भिंतीतून आरपार!

यावर उपाय असा की, भिंतही कणांचीच रचावी, अथवा पलीकडे आरशातल्यासारखे प्रतिकण ठेवावेत. प्रतिकणांना उलट वेग दिला तर पाणी भिंतीशी थांबते. भिंतीला समांतर वेग तसाच ठेवला तर घसरते. म्हणजे नाव्हिए आणि स्टोक्स यांचा जुना प्रश्न येथेही सोडवावाच लागतो. एवढे करूनही कण निसटलेच, तर आधी काळाचे पाऊल तपासावे. एका पावलात कण भिंत ओलांडत असेल, तर त्याला अडविणारे बल लागू होणार केव्हा? मग भिंतीच्या कणांतील फटी पाहाव्यात. मात्र चिडून बल भरमसाट वाढवू नये. तसे केल्यास पाणी भिंतीपासून दूर उभे राहते आणि दाब थरथरू लागतो.

ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. असा लोंढा कोठवर चढेल, याचा हिशेब आता संगणकावर होऊ शकतो. त्या हिशेबातील पाणी भिंतींतून गुपचूप गळत असेल, तर पुराची रेषा खाली दिसेल, आणि बुडणाऱ्या घराला आपण निर्धोक म्हणून बसू. पडद्यावरचे चित्र कितीही मोहक असो, आधी भिंतीजवळचे कण मोजावेत. दालांबेरच्या गणिताला नावाडी हसला असता; आमच्या गणिताला हसायला तोही जवळ नसेल.