छबी

फोटोला आपण आजही छबी म्हणतो. मूळ संस्कृत ‘छवि’, आणि तिचा जुना अर्थ चित्र नव्हे, कातडी. कातडीवरून कातडीचा रंग, मग कांती, मग रूप आणि अखेरीस रूपाची नक्कल. ‘छबीदार’मध्ये कांती अजून शाबूत आहे. (जत्रेतल्या छबिन्याला मात्र यात ओढू नये, तो फारसी ‘शब’ म्हणजे रात्रीतून आला.)

१८४० साली इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाने स्वतःचीच छबी काढली, तीही बुडून मेलेल्या माणसाची: उघडं अंग, मिटलेले डोळे, शेजारी हॅट. कागदावर थेट छबी उमटवण्याची रीत त्याने शोधली होती, पण सरकारी पेन्शन आणि मान गेला छबी उमटवण्याची दुसरी रीत काढणाऱ्या दागेरकडे. त्या रागातून हे सोंग. अर्जविनंत्यांपेक्षा कितीतरी झणझणीत! फोटोमागे त्याने प्रेताबद्दल मजकूर लिहिला. चेहरा आणि हात कुजू लागलेत, असंही त्यात आहे. छबीत ते उरलेल्या अंगापेक्षा खरंच काळे दिसतात. बहुधा उन्हाने रापलेली कातडी ती, म्हणजे शब्दाचा अगदी मूळ अर्थ. बायार त्यानंतर १८८७पर्यंत जगला.