मेम्फिसचा राहिलेला धडा

मार्टिन ल्यूथर किंग शिकवताना मी नेहमी ४ एप्रिल १९६८ या तारखेशी थांबत असे. मेम्फिस शहर, मोटेलचा सज्जा, एक गोळी. तेवढ्यात घंटा व्हायची आणि पोरे पळायची. किंग तिथे कशासाठी गेले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाई.

ते गेले होते सुमारे १,३०० सफाई कामगारांच्या संपासाठी. त्या वर्षी फेब्रुवारीत कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन कामगार मेले आणि थोड्याच दिवसांत संप सुरू झाला. 'मी माणूस आहे' एवढेच त्यांच्या पाट्यांवर लिहिलेले होते. किंग यांच्या हत्येनंतर बारा दिवसांनी तडजोड झाली.

अलीकडे नातू संगणकाला प्रश्न विचारतो आणि चुटकीसरशी उत्तर मिळवतो. ही बुद्धी राहते कुठे, याची चौकशी करता करता मी पुन्हा मेम्फिसलाच पोचलो.

शहराच्या नैर्ऋत्येला बॉक्सटाउन नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी रेल्वेच्या मालडब्यांच्या फळ्यांपासून घरे उभारली, म्हणून हे नाव. पुढे या भागात तेलशुद्धीकरण कारखाना आला, १९५९ पासून २०१८ पर्यंत कोळशाचे वीजकेंद्र चालले. मग बायहेलिया नावाच्या तेलवाहिनीची योजना आली. मार्ग इथूनच का, तर इथे सर्वांत कमी विरोध होईल, अशा अर्थाचे वाक्य कंपनीच्या माणसाच्या तोंडून निघून गेले.

ते वाक्य लोकांना झोंबले. २०२० मध्ये त्यांनी संघटना बांधली. त्यात जस्टिन पिअरसन हा पंचविशीतला तरुण होता, तसेच जमीन द्यायला नकार देऊन कोर्टात उभी राहिलेली वयस्क मंडळीही होती. शहराचे पिण्याचे पाणी जमिनीखालच्या वाळूच्या थरातून येते. तेल गळले तर साऱ्या शहराचेच पाणी धोक्यात येईल, हे त्यांनी पटवून दिले, आणि एका वस्तीचा प्रश्न गावाचा झाला. जुलै २०२१ मध्ये कंपनीने योजना सोडली. संघटना मात्र मोडली नाही. नावातला 'पाइपलाइन' शब्द काढून तिथे 'प्रदूषण' हा शब्द घातला, एवढेच.

याचा उपयोग तीन वर्षांनी झाला. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने याच भागातल्या एका बंद कारखान्यात 'कोलोसस' नावाचे प्रचंड डेटा सेंटर उभे केले. अवघ्या १२२ दिवसांत, असे कंपनी अभिमानाने सांगते. एवढी वीज जाळ्यातून लगेच मिळेना, तेव्हा आवारातच नैसर्गिक वायूवरची जनित्रे लावली. ती तात्पुरती आहेत, म्हणून परवाना लागत नाही, असे सांगण्यात आले. त्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे हवेत ओझोन तयार होतो आणि दम्याच्या रोग्यांचे हाल होतात.

जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने परवान्यासाठी अर्ज केला, १५ जनित्रांचा. लोकांच्या बाजूच्या वकिलांच्या संस्थेने विमानातून छायाचित्रे काढली, तर ३५ दिसली. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्यांतली ३३ तापलेली होती. हजेरीपटावर पंधरा आणि वर्गात पस्तीस! एप्रिलमध्ये जनसुनावणीला शेकडो लोक आले. शहराला कर मिळेल, रोजगार येईल, हे महापौरांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यासाठी श्वास आम्हीच का द्यायचा, हा लोकांचा प्रश्न होता.

जुलै २०२५ मध्ये परवाना मिळाला, १५ जनित्रांना. मग लोक हरले का? सरळ उत्तर मला देता येत नाही. डेटा सेंटर चालूच राहिले. पण ज्यांची मोजदादच होत नव्हती त्या यंत्रांना आकडा, अटी आणि मुदत लागली. मोजणाऱ्यांना हे कसब आयते मिळाले नव्हते. सरकारी कागद वाचणे, शेजाऱ्याला सभेला आणणे, वकील गाठणे हे सारे ते तेलवाहिनीच्या वेळी शिकले होते. 'कमी विरोधाची जागा' हा शिक्का त्यांनी पुसला, हे तर नक्कीच.

ती जनसुनावणी भरली होती एका शाळेत. हे वाचले आणि माझे अपुरे राहिलेले तास आठवले. पुन्हा वर्ग मिळाला, तर मी धडा त्या दोन सफाई कामगारांपासून सुरू करीन, आणि गोळीपाशी थांबणार नाही.