वणाची हट्टी गाठ

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, मारेगांव, झरी या भागांत गोंड व कोलाम लोकांची वस्ती बरीच आहे. तेथील जुन्या पिढीच्या स्त्रियांच्या अंगावरील गोंदण हा चोरीस न जाणारा दागिना होय. सुई टोचावी, काजळी भरावी, जखम भरून यावी आणि रंग तेवढा मागें उरावा, असा त्यांतला साधा हिशेब. क्वचित् एखाद्या अंगावर हा हिशेब चुकतो. कान टोचण्याचेंही तसेंच. सोनार कान टोचतो, मुलगी घटकाभर रडते, जखम भरते. आणि कांहीं महिन्यांनीं पाळीच्या मागें वाटाण्याएवढी गुळगुळीत, टणक गाठ हातास लागते. तिला खाज सुटते, कधीं ठणकाही लागतो. पुढें ती बोराएवढी होते. कापून टाकावी तर पुन्हा उगवते, आणि पुष्कळदां पहिलीहून मोठी! ही गाठ जीव घेत नाहीं; परंतु उपवर मुलीला बारा महिने पदरानें कान झांकावयास लावते, हें दुःख लहान म्हणतां येत नाहीं.

या गाठीस वैद्यकांत केलॉइड म्हणतात. पॅरिसचा त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यानें १८०६ सालीं तिला कर्करोगासारखी समजून नांव दिलें. पुढें आपली चूक ओळखून त्यानेंच खेंकड्याच्या नांगीवरून हें दुसरें नांव बसविलें. गाठीच्या कडा आजूबाजूच्या निरोगी कातडींत नांगीसारख्या शिरतात, हें त्याच्या नजरेनें बरोबर टिपलें होतें. साधा जाड वण जखमेच्या हद्दींत राहतो आणि काळानें बसतो. केलॉइड हद्द ओलांडतें आणि आपणहून सहसा बसत नाहीं. आपल्याकडे वाग्भटानें ग्रंथींचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत व्रणग्रंथि हा एक आहे. तिलाच आजचें केलॉइड म्हणणें मात्र उतावीळपणाचें होईल. प्राचीन ग्रंथांत प्रत्येक नवा शोध दाखविण्याची हौस आवरलेली बरी.

कातडीच्या शस्त्रक्रियेंत महाराष्ट्राचें नांव निराळ्याच कारणानें जगभर गेलें. इंग्रजी सैन्याचा गाडीवान कावसजी टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक कापलें गेलें. पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवें नाक बसविलें. त्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू या शल्यविशारदानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. कारागिराचें नांव मात्र त्या हकीकतींत नाहीं. पुढें विदर्भांतच, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, डॉ. सी. बालकृष्णन् यांनीं १९५८ सालीं प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. तो भारतांतील अगदीं पहिल्या विभागांपैकीं होय. यवतमाळास १९८९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें.

शस्त्र इतकें पुढें गेलें, तरी ही गाठ कां उगवते, हें कोडें सुटेना. अडचण मोठी विलक्षण होती. उंदीर, ससा, गिनीपिग यांना माणसासारखें केलॉइड होतच नाहीं. जो रोग माणसाचाच, त्याची परीक्षा जनावरावर कशी व्हावी? आणि माणसाच्या अंगावर प्रयोगासाठीं जखमा करून पाहाव्या, तर ज्याला ही खोड आहे त्याच्या वांट्याला एक नवी गाठ येणार.

वाट निघाली ती कांचेच्या बशींतून. १९७५ सालीं अमेरिकेंत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनीं मानवी त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी शरीराबाहेर वाढविण्याची रीत सिद्ध केली. १९८३ सालीं वायोमिंगमधील दोन लहान भाऊ नव्वद टक्क्यांहून अधिक भाजले असतां, त्यांच्याच उरलेल्या कातडीच्या चिमुकल्या तुकड्यापासून वाढविलेल्या पडद्यांनीं त्यांचे प्राण वांचले. दरम्यान १९७९ सालीं यूजीन बेल यानें दाखविलें कीं, कोलॅजन या प्रथिनाच्या लिबलिबीत थरांत आंतल्या त्वचेच्या तंतुजनक पेशी सोडल्या, तर त्या तो थर ओढून घट्ट करतात; जखम आवळते, जवळजवळ तशाच. या थरावर वरच्या त्वचेच्या पेशी पेरावयाच्या, खालून पोषक द्रव द्यावयाचा आणि वरची बाजू हवेस उघडी ठेवावयाची. हवा लागली कीं कांहीं आठवड्यांत वर शिंगासारखा कोरडा पापुद्रा धरतो. बोटावर ठेवावा एवढा तो तुकडा. पण कातडी ती खरी.

आतां रोग्याच्या कानावरून कापून काढलेली गाठ हेंच बियाणें झालें. तिच्या पेशी घेऊन असा तुकडा वाढवितात, शेजारीं निरोगी पेशींचा ठेवतात आणि औषध दोहोंवर घालून पाहतात. दोष आंतल्या तंतुजनक पेशींचाच असावा, असा प्रथम समज होता. त्या कोलॅजन बेसुमार तयार करतात, हें खरेंच. परंतु २००१ सालीं सिंगापूरच्या संशोधकांनीं केलॉइडच्या वरच्या थराच्या पेशी निरोगी तंतुजनक पेशींच्या सोबतीला ठेवल्या, तेव्हां त्या निरोगी पेशीही जोरानें वाढूं लागल्या. चिथावणी वरच्या मजल्यावरूनही येते, असें दिसलें.

तरी बशींतली ही कातडी अपुरी आहे. साध्या नमुन्यांत रक्तवाहिन्या नाहींत, मज्जातंतु नाहींत, जखमेवर धांवून येणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहींत. छातीवर व खांद्यावर कातडीला जो ताण बसतो तोही नाहीं. आणि हा तुकडा जगतो कांहीं आठवडे, तर कानावरची गाठ वाढते वर्षानुवर्षें. म्हणून प्रयोगशाळेला दर खेपेस नव्या बियाण्यासाठीं पुन्हा शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशीं जावें लागतें.