हौशी रंगभूमी आणि स्मरणरंजन : ‘ग्रीज’ या रॉक संगीतिकेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
रंगभूमीच्या इतिहासलेखनात हौशी नाट्यसंस्थांचा उल्लेख बहुधा व्यावसायिक रंगभूमीची पूर्वतयारी एवढ्यापुरताच येतो. हौशी संस्थेने प्रयोग करून पाहावा आणि तो यशस्वी ठरल्यास व्यावसायिकांनी उचलावा, असा क्रम गृहीत धरला जातो. या हस्तांतरात मूळ कलाकृतीचे काय होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ‘ग्रीज’ या अमेरिकन संगीतिकेच्या वाटचालीच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

हौशी रंगमंचावरील जन्म :
‘ग्रीज’चे लेखक-संगीतकार जिम जेकब्ज व वॉरन केसी हे शिकागोच्या हौशी रंगभूमीवरील नट होते. चरितार्थासाठी दोघेही अन्यत्र नोकरी करीत. जेकब्ज यांचे शालेय शिक्षण शिकागोतील टाफ्ट हायस्कूलमध्ये झाले होते. केसांना भरपूर तेल चोपडणारी, चामडी जाकिटे घालणारी श्रमिक वस्तीतील मुले तेथे ‘ग्रीझर’ म्हणून ओळखली जात. संगीतिकेचे नाव त्यावरूनच आले. ५ फेब्रुवारी १९७१ रोजी ट्रामगाड्यांच्या एका जुन्या आगारात थाटलेल्या किंग्स्टन माइन्स थिएटरमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. त्यात काम करणारे कलावंत हौशी होते.

संगीतिकेतील काळ १९५९ च्या सुमारासचा, म्हणजे प्रयोगापूर्वी अवघ्या बारा वर्षांचा आहे. परंतु मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या, व्हिएतनाम युद्ध आणि १९६८ मध्ये खुद्द शिकागोत युद्धविरोधी निदर्शकांवर झालेला लाठीमार अशा घटना घडून गेल्या होत्या. त्यामुळे हा थोडा काळही एका युगासारखा भासू लागला होता. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘हेअर’ने रॉक संगीत वर्तमानातील बंडखोरीशी जोडले होते, ‘ग्रीज’ने तेच संगीत गतकाळाच्या आठवणीकडे वळविले. तथापि ही आठवण गोड नव्हती. संगीतिकेचा प्रारंभ माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याने होतो आणि त्यातील सभ्य शाळागीताची ग्रीझर मुले लगेच टवाळी करतात. शाळेच्या अधिकृत इतिहासात ज्यांना स्थान नाही, त्यांचीच ही स्मृती होती.

व्यावसायिक यश आणि स्थानिकतेचा लोप :
निर्माते केनेथ वाइसमन व मॅक्सीन फॉक्स यांनी ही संगीतिका न्यूयॉर्कला नेली. १४ फेब्रुवारी १९७२ रोजी ईडन थिएटरमध्ये तिचा आरंभ झाला व त्याच वर्षी ती ब्रॉडवेवरील नाट्यगृहात गेली. एप्रिल १९८० मध्ये ती थांबली तेव्हा ३,३८८ प्रयोग झाले होते. ‘अ कोरस लाइन’ने १९८३ मध्ये हा उच्चांक मोडला.

या यशासाठी संहितेत मोठे फेरफार झाले. रांगडी भाषा सौम्य झाली, शिकागोचे संदर्भ गळाले. शिकागोतील फॉस्टर बीच या किनाऱ्याच्या नावाचे गाणे जाऊन त्या जागी कोणत्याही गावाला चालेल असे उन्हाळी रात्रींचे गाणे आले. १९७८ च्या चित्रपटाने ही प्रक्रिया पूर्ण केली. त्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा वगळला गेला, लॉस एंजेलिस परिसरातील लखलखीत ऊन आले आणि नव्या गाण्यांची भर पडली. जगभर ‘ग्रीज’ म्हणून ओळखले जाते ते प्रामुख्याने हेच रूप होय.

हौशी रंगभूमीकडे परतीचा प्रवास :
पुढे प्रयोगहक्कांच्या व्यवस्थेद्वारे ही संगीतिका पुन्हा शाळांकडे व हौशी मंडळांकडे आली. परंतु आता संहिता ठरलेली, मानधन भरून घेण्याची आणि परवानगीवाचून न बदलण्याची होती. शाळांसाठीच्या आवृत्तीतून तर धूम्रपान, मद्यपान व रिझो या मुलीला वाटणारी गर्भधारणेची धास्तीही काढून टाकण्यात आली. ज्या मुलांच्या उद्दामपणातून ही कृती जन्मली, तो उद्दामपणाच शाळेच्या दारात अडविला गेला. आज ही संगीतिका करणारे तरुण स्वतःच्या नव्हे, तर चित्रपटाने घडविलेल्या परक्या भूतकाळाची आठवण काढतात. २०११ मध्ये शिकागोच्या अमेरिकन थिएटर कंपनीने मूळ संहितेचा पुनःप्रयोग केला, तेव्हा चाळीस वर्षांत काय हरवले होते, हे प्रेक्षकांसमोर आले.

समारोप :
व्यावसायिक यशामुळे ‘ग्रीज’ टिकली. मात्र ज्या वस्तीची ती स्मृती होती, ती वस्ती तिच्यातून पुसली गेली. एका गटाची बोचरी आठवण सर्वांची रम्य आठवण बनते, तेव्हा तिच्यातील वर्गभेद प्रथम नाहीसा होतो. म्हणून हौशी संस्थांच्या पहिल्या संहिता, त्यांवरील खाडाखोड व प्रयोगांच्या नोंदी ही कच्ची सामग्री नसून सामाजिक इतिहासाची साधने आहेत. त्यांचे जतन झाले नाही, तर इतिहासकाराच्या हाती केवळ यशस्वी आवृत्तीच उरते.